नव्या गाडीत खोट निघाली तर काय करायचं : रिकॉल तपासण्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

नवी गाडी नागपूरच्या टेकडी गणपतीला नेऊन आणली, पेढे वाटून झाले, आणि पंधरा दिवसांत ती वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर भर ट्रॅफिकमध्ये बंद पडायला लागली, तर आपल्याकडचा माणूस आधी शोरूमला फोन करतो. तिकडून सर्व्हिस ॲडव्हायझर "घेऊन या सर, पाहून घेऊ" म्हणतो, गाडी दोन दिवस वर्कशॉपला राहते, सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणून परत मिळते आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. असं महिनोन्‌महिने चालतं. मग कोणीतरी सांगतं की ग्राहक मंचात जा, आणि फाइल उघडून पाहिली की त्यात बिल असतं, इन्शुरन्स असतो, लोनचे कागद असतात, फक्त गाडीत ही खराबी होती आणि ती आपण वेळेवर सांगितली होती हे दाखवणारा एकही धड कागद नसतो.

तो कागद कसा तयार करायचा आणि तो घेऊन कुठे कुठे जायचं, एवढंच इथे सांगतो. कार असो, बाइक असो की इलेक्ट्रिक स्कूटर, पद्धत तीच आहे.

आधी रिकॉल आहे का ते पाहा

भांडण सुरू करायच्या आधी हे काम करा, कारण तुमच्या गाडीतला दोष कंपनीला आधीच माहीत असेल आणि तिने रिकॉल काढला असेल, म्हणजे त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या असतील, तर भांडायची गरजच नाही, पार्ट फुकट बदलून मिळतो. वॉरंटी संपली असली तरी, गाडी सेकंडहँड घेतली असली तरी. रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नसतो, हे लक्षात ठेवा, कारण काउंटरवर बसलेल्या पोराला सुद्धा कधी कधी हे माहीत नसतं आणि तो "पहिल्या ओनरच्या नावावर आहे सर" म्हणून परत पाठवतो.

आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या पद्धतीने स्वतःहून रिकॉल करायच्या, त्यात सरकारची सक्ती नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता एखाद्या मॉडेलमधल्या दोषामुळे चालवणाऱ्याला, आत बसलेल्यांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला ती गाडी परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. मग कंपनीने दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, वर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर हा दंड लागत नाही, म्हणून बहुतेक रिकॉल तुम्हाला "स्वेच्छेने" झालेलेच दिसतील. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहेत, पण कंपनी मनावर घेते तेव्हा त्याहून जुन्या गाड्याही बोलावते.

तपासायला चेसिस नंबर लागतो. आरसीवर असतोच, कारमध्ये समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावर किंवा पुढच्या सीटखाली कोरलेला असतो, बाइकला हँडलच्या मानेजवळ. १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजीतला 'ओ' किंवा 'आय' नसतो, म्हणजे तसं काही दिसलं तर ते शून्य आणि एक आहे, टाइप करताना इथेच घोळ होतो. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या पानावर हा नंबर टाका. सापडलं नाही तर सर्व्हिस सेंटरला जाऊन नेमका हा प्रश्न विचारा : "माझ्या चेसिस नंबरवर कोणतं कॅम्पेन पेंडिंग आहे का?" फक्त "रिकॉल आहे का" असं विचाराल तर नाही म्हणतील आणि ते खोटंही नसेल, कारण बरीच कामं कंपन्या रिकॉल न म्हणता सर्व्हिस कॅम्पेन म्हणून काढतात, सर्व्हिसला गाडी आली की पार्ट बदलून टाकतात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. त्यांच्या सिस्टिममध्ये चेसिस नंबर टाकला की सगळं दिसतं, स्क्रीन दाखवायला सांगा.

रिकॉलच्या पत्रात काय लिहिलंय ते नीट वाचत जा, सगळे रिकॉल सारखे नसतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ च्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या होत्या, आणि तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, इलेक्ट्रिक भागांवर थेट पाणी मारू नका असं सांगितलं होतं. आता नागपुरात नरेंद्रनगरचा अंडरपास जरा पाऊस आला की भरतो, आणि २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो झाला तेव्हा वस्त्याच्या वस्त्या पाण्यात होत्या. ज्याला ते पत्र मिळालंच नाही तो बिचारा तशीच गाडी पाण्यात घालणार ना. त्याहून गंभीर जानेवारी २०२३ चा, १७,३६२ गाड्यांचा, एअरबॅग कंट्रोलरचा रिकॉल, त्यात तर पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं कंपनीनेच सांगितलं होतं. दुचाकीवाल्यांनी हे कारवाल्यांचं आहे समजू नये, मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या बोलावल्या होत्या.

सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर आजच्या आज तपासावं. पत्र आणि मेसेज जातो तो कंपनीच्या रेकॉर्डमध्ये असलेल्या नंबरवर, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या मालकाला, आणि तो कशाला तुम्हाला शोधत येईल. नागपूरच्या, एमएच-३१ आणि एमएच-४९ च्या किती तरी गाड्या आज चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाड्याला फिरून राहिल्या आहेत. आणि २००३ ते २०१२ च्या काळातली होंडा सिटी, सिव्हिक, जॅझ अशी जुनी गाडी हातात असेल तर टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं काम झालं का ते पाहाच. एअरबॅग फुगवणाऱ्या त्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे थेट तोंडावर, मानेवर येतात, जगभरात माणसं मेली आहेत यात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी दिवसभर उन्हात उभी असते आणि मग चार महिने पावसाळा, विचार करा.

रिकॉलचं काम झालं की जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपला गाडी देताना बनतो त्या कागदावर, कॅम्पेनचं नाव आणि बदललेला पार्ट लिहून घ्या. पार्ट नाही, महिन्याने या म्हणाले तर तेही लेखी घ्या, आणि गाडी चालवू नका असा रिकॉल असेल तर टोइंग आणि बदली गाडी मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणखी एक, रिकॉलच्या नावाने फोन करून ओटीपी किंवा "प्रोसेसिंग फी" मागणारे भेटतील, रिकॉलला एक पैसा लागत नाही, फोन ठेवा आणि स्वतः सर्व्हिस सेंटरला लावा.

जॉब कार्ड : सगळं इथे ठरतं

रिकॉल नसेल तर मग तुमची तक्रार तुम्हालाच उभी करायची आहे, आणि तिचा पाया जॉब कार्ड. राजेहो, हा भाग सावकाश वाचा.

गाडी वर्कशॉपच्या गेटवर लागली की ॲडव्हायझर टॅब घेऊन येतो, किलोमीटर लिहितो, ओरखड्यांचे फोटो काढतो आणि विचारतो काय प्रॉब्लेम. तुम्ही पाच मिनिटं सांगता की साठच्या स्पीडला एसी चालू असताना इंजिन एकदम बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा लागतो, मागचा ट्रक थोडक्यात वाचला. तो मान हलवतो आणि टाइप करतो : "जनरल चेकअप". नाही तर "पिकअप कमी". तुम्ही स्क्रीनवर सही करता. संध्याकाळी गाडी घेताना अजून एक सही, तिथे छोट्या अक्षरात लिहिलेलं असतं की काम समाधानकारक झालं. आता दीड वर्षाने आयोगासमोर कंपनीचा वकील हेच दोन कागद ठेवणार आणि म्हणणार, साहेब, ग्राहकाने इंजिन बंद पडल्याची तक्रार कधी केलीच नाही, गाडी चेकअपला आली होती आणि ग्राहक समाधानी होऊन गेला. काय उत्तर देणार?

म्हणून सही करायच्या आधी 'कस्टमर व्हॉइस' किंवा 'कस्टमर कंप्लेंट' असा जो रकाना असतो तो वाचा. तुमचं वाक्य तुमच्या शब्दांत आलं पाहिजे : काय होतं, कोणत्या स्पीडला, थंड इंजिनला की गरम इंजिनला, किती वेळा, कोणता दिवा लागतो. ॲडव्हायझरने त्याचा अंदाज लिहू नये, तुम्हाला दिसलं ते लिहावं. "सिस्टिममध्ये एवढं बसत नाही" म्हणाला तर कागदावर लिहा, तारीख टाका, त्याची सही-शिक्का घ्या. तेही नाही म्हणाला तर तिथेच उभं राहून सर्व्हिस सेंटरच्या ईमेलवर आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर तोच मजकूर पाठवा, "आज सकाळी जॉब कार्ड नंबर अमुकच्या गाडीची तक्रार अशी आहे" म्हणून. वेळ आपोआप नोंदली जाते.

परत घेताना एकटेच चावी घेऊन निघू नका, त्यांच्या माणसाला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या. प्रॉब्लेम गेला नसेल किंवा नक्की माहीत नसेल तर समाधानाच्या सहीशेजारी हाताने लिहा "दोष तपासून पाहायचा आहे, तक्रार कायम". तिकडून "नो प्रॉब्लेम फाउंड" लिहिलेला कागद मिळाला तर रागावून फाडू नका, तोही ठेवा, तुम्ही तीच तक्रार पुन्हा पुन्हा घेऊन आलात हे त्यातूनच दिसतं. बंद पडते त्या क्षणाचा व्हिडिओ असेल तर फारच चांगलं, फक्त गाडी चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊ नये, शेजारच्याने काढावा, मीटरवरचा स्पीड, दिवे आणि किलोमीटर दिसतील असा. स्कॅनर लावला असेल तर फॉल्ट कोडची प्रिंट मागा.

आमच्या ओळखीत त्रिमूर्तीनगरचे एक काका आहेत, रिटायर्ड क्लार्क, त्यांची गाडी अशीच बंद पडायची. गेले की अर्धा तास काउंटरवर उभे राहून वाक्य न्‌ वाक्य लिहून घ्यायचे, मागचे लोक चिडायचे, पण त्यांनी कधी सोडलं नाही. कंपनीने शेवटी केस व्हायच्या आधीच फ्युएल पंप, वायरिंग सगळं नवीन टाकून वॉरंटी लेखी वाढवून दिली, कारण त्यांच्या फाइलकडे पाहून त्यांनाही समजलं होतं की पुढे काय होणार.

एक सावधगिरी. वैतागून बाहेरच्या मेकॅनिककडून इंजिन, वायरिंग उघडू नका, बाहेरची सीएनजी किट, मोठे हॉर्न, जास्त वॉटचे लाइट लावू नका, वॉरंटीत असताना तर नाहीच. वायर एकदा कापली की आग लागो की सेन्सर जळो, बोट तिथेच दाखवलं जातं.

कंपनीला लेखी, आणि सरकारकडे नोंद

दोन-तीनदा दुरुस्ती होऊनही तोच दोष येत असेल तर डीलरच्या केबिनमधल्या चहावर विश्वास ठेवणं थांबवा आणि कंपनीच्या मुख्य ऑफिसला लिहा, डीलरला कॉपी. ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, पोचपावती जपा. मराठीत लिहिलं तरी चालतं, वाक्यं साधी ठेवा. असं काहीतरी :

"मी दि. ___ रोजी तुमच्या ___ या डीलरकडून ___ हे मॉडेल रु. ___ ला घेतलं. चेसिस नंबर ___, रजिस्ट्रेशन एमएच-३१-___. दि. ___ रोजी गाडी ___ किमी चाललेली असताना धावत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं. त्यानंतर दि. ___, ___ आणि ___ रोजी गाडी वर्कशॉपला दिली, जॉब कार्ड सोबत जोडली आहेत. प्रत्येक वेळी दुरुस्त झाली असं सांगितलं, दोष कायम आहे. हा दोष जिवावर बेतणारा आहे. गाडी बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगात तक्रार करेन."

बस. शिव्या नको, सोशल मीडियाच्या धमक्या नको. शक्य असेल तर कंपनीचा टेक्निकल इंजिनिअर डीलरकडे येऊन गाडी पाहील अशी मागणी त्यात घाला, आणि तो आला की त्याने काय पाहिलं त्याचा रिपोर्ट मागा.

याच टप्प्यावर दोन फुकट गोष्टी करून ठेवा. पहिली, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, नंबर १९१५, मराठीत बोलता येतं, ॲप आणि वेबसाइटवरूनही तक्रार टाकता येते. डॉकेट नंबर मिळतो, ते कंपनीला पाठवतात, कंपनी उत्तर देते. हे कोर्ट नाही, आदेश देत नाही, पण बऱ्याच डीलरांची भाषा या नंबरनंतर बदलते. दुसरी, परिवहनच्या वेबसाइटवर व्हेइकल रिकॉलचं पोर्टल आहे, तिथे मालक म्हणून दोष नोंदवा. लोक म्हणतात याने मला काय मिळणार. तुम्हाला लगेच काही मिळणार नाही हे खरं, पण सक्तीच्या रिकॉलचा नियमच असा आहे की त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरावीक इतक्या मालकांच्या तक्रारी आल्या की सरकारला चौकशी सुरू करता येते. जो नोंदवत नाही तो मोजलाच जात नाही. परिवहन खात्याचे मंत्री आपल्याच शहराचे खासदार आहेत, २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरला आगी लागल्या तेव्हा नितीन गडकरींनीच कंपन्यांना खराब बॅच परत बोलवायला सांगितलं होतं आणि त्याच सुमारास ओला इलेक्ट्रिक, ओकिनावा, प्युअर ईव्ही यांनी गाड्या बोलावल्या. तेव्हा दोष सगळ्यांना दिसला म्हणूनच ते झालं.

एकाच मॉडेलचे, एकच दोष असलेले बरेच जण सापडले तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे सगळ्यांच्या वतीने तक्रार जाते, या प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत बोलवायचे अधिकार आहेत.

लेमन लॉ आपल्याकडे आहे का

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लोक विचारतात. तिकडे १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने पहिला लेमन लॉ केला आणि नंतर सगळ्या राज्यांनी. नव्या गाडीचा तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी ठरावीक दिवस वर्कशॉपलाच पडून राहिली, बऱ्याच राज्यांत हा आकडा ३० दिवसांचा आहे, की गाडी खराब आहे असं कायदाच गृहीत धरतो आणि कंपनीला बदलून द्यावी किंवा पैसे द्यावे लागतात.

आपल्याकडे असा आकडा कुठेही लिहिलेला नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, आणि त्यात गाडीत दोष आहे हे ग्राहकाला सिद्ध करावं लागतं. म्हणून तर जॉब कार्डसाठी एवढा जीव काढायचा. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मारुती विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या केसमध्ये सांगितलं की वॉरंटीत पार्ट दुरुस्त करायची किंवा बदलायची जबाबदारी असेल तर तेवढंच, एका पार्टसाठी पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. कंपनीचे वकील ही केस दरवेळी काढतात. पण दुसऱ्या बाजूला सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट या केसमध्ये त्याच कोर्टाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला लावली आणि मुळातच उत्पादनातला दोष निघाला तर गाडीची किंमत व्याजासकट परत द्यावी असं म्हटलं. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते दोष एका सुट्या पार्टचा आहे की गाडीच्या मुळाचा, आणि हे सांगणार तज्ज्ञ.

एअरबॅगच्या बाबतीत २०२२ चा ह्युंदाई विरुद्ध शैलेंद्र भटनागर निकाल प्रत्येकाला माहीत असावा. २०१५ ला घेतलेली क्रेटा, २०१७ ला अपघात, पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनी म्हणाली धडक पुरेशा जोराची नव्हती. कोर्ट म्हणालं की ग्राहक काही वेग आणि बलाचं गणित करणारा फिजिक्सचा जाणकार नसतो, धडक झाली की एअरबॅग उघडेल याच भरवशावर तो गाडी घेतो. ३ लाख भरपाई आणि गाडी बदलून द्यायचा आदेश कायम राहिला.

ग्राहक आयोगात केस

नागपूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग सिव्हिल लाइन्सला आहे, लोक अजून ग्राहक मंचच म्हणतात. गाडी पुण्या-मुंबईहून घेतली असली तरी तुम्ही नागपुरात राहता किंवा काम करता म्हणून इथेच केस टाकता येते, २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सगळ्यात मोठी सोय. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. फी ऐकून लोकांना विश्वास बसत नाही : ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. म्हणजे ॲक्टिव्हावाल्याला शून्य. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. तरीही १५-२० लाखांच्या गाडीचा तांत्रिक वाद असेल तर माझं मत, ग्राहक केसेस रोज चालवणारा वकील घ्या, निदान तक्रारीचा मसुदा त्याच्याकडून पाहून घ्या. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही मदत करतात.

मुदत दोन वर्षांची. दोष उघड झाला तिथपासून, आणि तुम्ही कंपनीला पत्रं लिहीत बसलात म्हणून ती लांबत नाही. "पुढच्या महिन्यात हेड ऑफिसचे साहेब येऊन राहिले" असं ऐकत ऐकत लोकांची दोन वर्षं निघून जातात. उशीर झालाच तर कारण देऊन माफी मागता येते, मिळेलच असं नाही.

कंपनी आणि डीलर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. काहून, तर डीलरशिप हे दोन स्वतंत्र धंद्यांचं नातं असतं आणि डीलरच्या चुकीसाठी कंपनी आपोआप जबाबदार होत नाही, २०२१ मध्ये टाटा मोटर्स विरुद्ध अंतोनियो पावलो वाझ या गोव्याच्या केसमध्ये, जुनी गाडी नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने कंपनीला सोडलं होतं. एकालाच पकडलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तक्रारीत कोणाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहा : दोषपूर्ण गाडी बनवली ती कंपनी, नीट दुरुस्त केली नाही, खोटी नोंद केली तो डीलर.

मागणी पायरीपायरीने लिहा. आधी गाडी बदलून द्या, ते नसेल तर किंमत व्याजासह परत, तेही नसेल तर दोष पूर्ण काढून वाढीव वॉरंटी द्या, शिवाय त्रासाची भरपाई आणि खर्च. फक्त "नवी गाडी द्या" एवढंच मागितलं आणि आयोगाला वाटलं की हा पार्टचा दोष आहे, तर मधलं काही मिळायला जागा ठेवलेली बरी. रोड टॅक्स, इन्शुरन्स, लोनचं व्याज, टॅक्सीने फिरायला लागलेले पैसे, सगळ्याच्या पावत्या जोडा.

तज्ज्ञाचं काय? दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर कलम ३८ खाली आयोग गाडी तपासायला पाठवू शकतो, त्यासाठी तुम्ही पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या, तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते. व्हीएनआयटी किंवा सरकारी पॉलिटेक्निकचा मेकॅनिकलचा प्राध्यापक, आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक, पुण्याची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था, अशी नावं सुचवता येतात. ओळखीच्या गॅरेजवाल्याचं पत्र कोणी फारसं धरत नाही. आणि तपासणी होईपर्यंत गाडी विकू नका, तो पार्ट बाहेरून बदलू नका. केस चालू असताना गाडी रोज पळवून ४०-५० हजार किलोमीटर केली तर तेही विरोधात जातं, एवढी चालली म्हणजे दोष कुठे होता म्हणतात. चालवावीच लागत असेल, आणि बहुतेकांना लागतेच, तर प्रत्येक वेळी बंद पडल्याची नोंद ठेवत जा.

कायद्यात लिहिलंय की तीन महिन्यांत निकाल, तपासणी असेल तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा. मध्ये मध्यस्थीचा प्रस्ताव येतो, त्याला लगेच नाही म्हणू नका, पार्ट आणि पाच वर्षांची लेखी वॉरंटी मिळत असेल तर कुटुंबासाठी गाडी वापरणाऱ्याला तो चांगला सौदा असू शकतो. ब्रेक, स्टिअरिंग, आग असा जिवाचा दोष असेल तर मात्र मी तडजोड करा म्हणणार नाही.

ईएमआय बंद करू नका. गाडी खराब आहे हे बँकेला कारण चालत नाही, सिबिल बिघडतो, वसुलीवाले दारात येतात आणि गाडी ओढून नेली तर पुरावाच गेला. पैसे परत मिळाले तरी आधी बँकेचं कर्ज फिटतं, उरलेलं तुम्हाला.

ऑटो, टॅक्सी, छोटा हत्ती चालवणाऱ्यांना सांगतात की तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवून कमावण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर तुम्ही ग्राहकच आहात, कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे. तक्रारीच्या पहिल्या पानावर ते वाक्य लिहा आणि बॅज, लायसन्स जोडा.

गाडी जळाली किंवा अपघातात दोष दिसला तर

यात पुरावा लवकर हातातून जातो, म्हणून आधी कागद. अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, जागेवरचे फोटो त्याच दिवशी घ्या. मग इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतो, टोटल लॉस धरतो, क्लेम मिळतो आणि जळका सांगाडा इन्शुरन्स कंपनी उचलून भंगारात देते. क्लेम मिळाला याचा आनंद असतो, पण आग बॅटरीने लागली की वायरिंगने हे सांगणारी एकमेव वस्तू गेलेली असते. उत्पादक कंपनीवर केस करायची असेल तर सांगाडा हलवायच्या आधी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा की तपासणी व्हायची आहे, आणि आयोगाकडे लगेच तपासणीचा अर्ज करा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पॅकवरचा सीरियल नंबर आणि ॲपमधला चार्जिंगचा रेकॉर्ड स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ॲपमधला डेटा कंपनीच्या हातात असतो.

पुरातल्या पाण्यात गाडी गेली असेल तर ते लपवू नका. पाणी गेलं होतं हे सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत निघतंच, आणि मग खरी तक्रारही खोटी वाटायला लागते.

निकाल लागल्यावर

आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, त्याचं खंडपीठ नागपुरातच बसतं, मुंबईला जायला लागत नाही. कंपनी अपिलात गेली तर तिला आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाका, कलम ७१ ने वसुली होते आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशात दिलेली मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी हा अर्ज करा आणि गाडी परत द्यायचा आदेश असेल तर गाडी जमा करताना किलोमीटर, चाव्या, कागदपत्रं सगळ्याची यादी करून डीलरची सही घ्या, आणि आरटीओत नाव उतरवून घेतल्याशिवाय तो व्यवहार संपला असं धरू नका.